उपाशी राहून थकलेल्यांसाठी: वजनाचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात कसं होतं

माझं ऑपरेशन झाल्याचं कळलं की लोकलच्या लेडीज डब्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोटातली चरबी काढली का गं?"

नाही. चरबीला कुणी हातही लावला नाही. चरबी शोषून काढतात त्याला लायपोसक्शन म्हणतात. ते दिसण्यासाठी असतं. त्याने साखर खाली येत नाही की भूक बदलत नाही. माझं झालं ते जठराचं आणि आतड्याचं ऑपरेशन, बॅरिएट्रिक सर्जरी. चरबी नंतर शरीराने स्वतःच वापरून संपवली, त्याला दीड वर्ष लागलं.

दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो. "किती लाख गेले?" ठाणे-नवी मुंबईत खासगी रुग्णालयांचे फलक पावलोपावली दिसतात, त्यामुळे हे लाखांतलंच काम असा सगळ्यांचा समज असतो. मी ऐरोलीत राहते, रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत हिशेब लिहिते. लाख आणणार कुठून? माझं ऑपरेशन मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात झालं. त्या वाटेवर मी जे शिकले, ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. म्हणून हे लिहिते आहे.

डाएट का टिकत नाही

पहिलं डाएट मी चोविसाव्या वर्षी केलं, साखरपुड्याच्या आधी. मग सवयच लागली. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध. सात दिवसांचं फळं आणि भाज्यांचं वेळापत्रक. पोळी बंद करून भाकरी, मग भाकरीही बंद. दिवसातून दोनदाच जेवण. सोसायटीखालच्या एका क्लबमधली शेकची पावडर, महिन्याला चार हजारांची. दर वेळी वजन उतरायचं, आठ किलो, अकरा किलो, एकदा तर चौदा. आणि वर्ष-दीड वर्षात परत यायचं, येताना दोन-तीन किलो जास्तीचे घेऊन. सासूबाई मायेनेच म्हणायच्या, "अगं, जिभेवर जरा ताबा ठेव." मलाही तेच खरं वाटायचं.

शरीराचा हिशेब मात्र वेगळा असतो. आपल्या अंगातल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. त्याचा शोध १९९४ साली लागला. चरबी भरपूर आहे, काळजी नाही, असा निरोप ते मेंदूला देत असतं. उलट जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन नावाचं हार्मोन निघतं, ते भूक पेटवतं. डाएट करून वजन उतरवलं की चरबी कमी होते, लेप्टिन घटतं आणि घ्रेलिन वाढतं. मेंदूला कळतं ते इतकंच की दुष्काळ पडला आहे. मग तो दोन कामं करतो: भूक वाढवतो आणि शरीराचा रोजचा खर्च आखडता घेतो. तेवढंच काम करायला आधीपेक्षा कमी ऊर्जा लागू लागते.

हे किती काळ चालतं? २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लठ्ठ माणसांना त्यांनी दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हाही त्यांची भुकेची हार्मोन्स मूळ पातळीवर आलेली नव्हती. एक वर्ष उलटलं तरी शरीर भूक भूक करत होतं. हे वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून बराच वेळ रडले. सतरा वर्षं मी स्वतःला हावरट समजत होते.

म्हणून डाएट निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. वजन पाच ते दहा टक्के जरी उतरलं तरी साखर, रक्तदाब, गुडघे यांना खरा आराम मिळतो, आणि पुष्कळांना तेवढंच पुरतं. प्रश्न आहे तो ज्यांना तीस-चाळीस किलो उतरवायचे आहेत त्यांचा. इतकं वजन नुसत्या आहाराने उतरवून वर्षानुवर्षं तिथेच ठेवणं फार थोड्यांना जमतं.

हल्ली इंजेक्शनांबद्दलही विचारतात. २०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोवी भारतात आली, त्यांनी वजन खरोखर चांगलं उतरतं. पण घेणं थांबवलं की बहुतेकांचं वजन पुन्हा चढू लागतं, म्हणजे ती रक्तदाबाच्या गोळीसारखी चालू ठेवावी लागतात. दर महिन्याचा तो खर्च किती वर्षं झेपेल हे आधी बघायला हवं.

ऑपरेशन कुणासाठी

यासाठी बीएमआय लागतो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा. किलोतलं वजन घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. माझी उंची १.५६ मीटर. १.५६ गुणिले १.५६ म्हणजे साधारण २.४३. वजन होतं ११२ किलो. ११२ भागिले २.४३ म्हणजे ४६.

१९९१ साली अमेरिकेत ठरलेला निकष जगभर बरीच वर्षं चालला: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा वजनामुळे आलेला आजार. २०२२ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला: आजार असो वा नसो, ३५ पासून ऑपरेशनचा सल्ला द्यावा, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासूनच विचार व्हावा. आशियाई लोकांसाठी आकडे आणखी खाली आहेत, कारण आपल्याकडे तेवढ्याच बीएमआयला पोटात, यकृताभोवती चरबी जास्त साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. आरोग्य विमा असणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, विमा नियामकाच्या अटीत अजून जुनेच आकडे आहेत: वय १८ पूर्ण, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, तेही साधे उपाय करून झाल्यावर.

सरकारी रुग्णालयात खाटा मोजक्या आणि रांग लांब. साहजिकच ज्याचा आजार जास्त, त्याला आधी घेतात. यात मला अन्याय वाटत नाही. पण मग आपला आजार कागदावर नीट यायला हवा, आणि तो आपोआप येत नाही.

पोटात नक्की काय करतात

याचा उगम अल्सरच्या रुग्णांत आहे. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या माणसांचं वजन वाढत नाही हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. त्यावरून १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. आज हे सगळं दुर्बिणीतून होतं. पोटावर पाच-सहा छोटी छिद्रं, एवढीच खूण.

मुख्य प्रकार दोन. पहिला स्लीव्ह. यात जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे पाऊण भाग कापून काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी मागे ठेवतात. घ्रेलिन जिथून निघतं तो वरचा फुगीर भागही त्यासोबत जातो, म्हणून भूकच कमी लागते. गंमत म्हणजे स्लीव्ह आधी स्वतंत्र ऑपरेशन नव्हतंच. फार जड रुग्णांत मोठ्या ऑपरेशनची ही पहिली पायरी होती. पण ही पायरी झाल्यावरच पुष्कळांचं वजन इतकं उतरलं की दुसरीची गरज राहिली नाही.

दुसरा प्रकार बायपास. जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात, म्हणजे चहाच्या छोट्या ग्लासाच्या अर्ध्याहून कमी. लहान आतडं थोडं पुढे कापून या पिशवीला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं. उरलेलं जठर आतच असतं, पाचकरस बनवत राहतं. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचल्यामुळे तिथून पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स जोरात निघतात. त्यामुळे मधुमेहींची साखर कित्येकदा वजन उतरण्याआधीच, पहिल्या आठवड्यांत खाली येऊ लागते. आपल्याकडे याचाच एक सोपा प्रकारही खूप होतो. त्यात आतडं दोन ठिकाणी न जोडता एकाच ठिकाणी जोडतात, त्याला मिनी बायपास म्हणतात.

कुठलं करायचं हे सर्जन ठरवतात, पण आपण विचारायला हवं. छातीत फार जळजळ होणाऱ्याला स्लीव्हनंतर ती वाढू शकते. मधुमेहाला बायपासचा जोर जास्त, मात्र पंधरा-वीस वर्षं जुना मधुमेह आणि इन्सुलिन चालू असेल तर पूर्ण सुटका होण्याची शक्यता कमी. बायपासमध्ये जीवनसत्त्वांची कमतरता जास्त भेडसावते. मला मधुमेहही होता आणि जळजळही, म्हणून बायपास ठरली. वजन किती उतरतं? स्लीव्हने एकूण वजनाच्या साधारण चौथा हिस्सा, बायपासने तीस टक्क्यांच्या आसपास. मी आज ७९ किलोवर आहे. ५५ वर कधीच जाणार नाही, आणि तसं वचन कुणी देत असेल तर त्याच्या दारातून परत फिरा.

धोका आहे. टाके घातलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. अनुभवी ठिकाणी मृत्यूचं प्रमाण हजारात एक ते तीन इतकं असतं, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात चार हजारांवर माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू कमी दिसले.

सरकारी दार कुठलं

आपल्याकडे "सरकारी" हा एकच शब्द वापरतात, पण त्यात तीन वेगळी घरं आहेत. ठाण्याचं सिव्हिल हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं; या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, वाशी-नेरुळ-ऐरोलीची नवी मुंबई महापालिकेची, आणि केईएम, शीव, नायर मुंबई महापालिकेची. जे. जे. हे राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं. प्रत्येकाचे दर, नियम, कागद वेगळे. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची, वाट आणखी निराळी, वागळे इस्टेट आणि वाशीला त्यांची रुग्णालयं आहेत, तिथून पुढे रेफर करतात.

बॅरिएट्रिक सर्जरीला दुर्बिणीची सरावलेली टीम, जड रुग्णाला भूल देऊ शकणारे डॉक्टर आणि मागे आयसीयू लागतं. त्यामुळे हे काम मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होतं. जे. जे. आणि केईएममध्ये अशी ऑपरेशनं झालेली आहेत. जवळच्या महापालिका रुग्णालयात तरीही आधी जायचं, कारण साखर, थायरॉइड, रक्तदाब यांचे उपचार आणि बऱ्याचशा तपासण्या तिथेच होऊ शकतात, आणि पुढे न्यायची चिठ्ठीही मिळते.

मी आधी गेले होते ते जिल्ह्यातल्याच एका डॉक्टरांकडे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आधी दहा किलो कमी करून या, मग बघू." मी काहीच बोलले नाही, घरी आले आणि पुन्हा डाएट सुरू केलं. तिथेच माझी दोन वर्षं गेली. आज मी त्यांना विचारलं असतं, "हे लिहून द्याल का? आणि कुठल्या विभागाकडे पाठवाल?" लिहून मागितलं की बोलणं गंभीरपणे होतं.

मुंबईतल्या रुग्णालयाचा पहिला दिवस. सकाळी केसपेपरची रांग, मग सर्जरीची ओपीडी. तिथला वजनकाटा जुना, लोखंडी, गोल तबकडीचा, आकडे १२० पर्यंत. मी चपला काढल्या, पर्स खाली ठेवली, ओढणीसुद्धा काढून बाकावर टाकली. सवयीने श्वास आत ओढला आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले. सिस्टरांनी आकडा मोठ्याने म्हटला नाही. कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे वळवून धरला. बस, एवढंच. सतरा वर्षांत माझं वजन कुणी इतक्या साधेपणाने घेतलं नव्हतं.

आत निवासी डॉक्टर होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. "ताई, आतापर्यंत काय काय करून झालं?" मी घरून एक पान लिहून नेलं होतं: कुठल्या वर्षी, कुठलं डाएट, किती महिने, किती उतरलं, किती परत आलं. अकरा ओळी होत्या. मला त्याची लाज वाटत होती. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि टाचणीने फाइलला लावलं. म्हणाल्या, "हे फार कामाचं आहे." साधे उपाय करून झाले आहेत याचा तो पुरावा होता. तुम्हीही असं पान लिहा. हरल्याची यादी समजून लाजू नका, तो तुमच्या आजाराचा इतिहास आहे.

या रुग्णालयांचं गणित युनिटवर चालतं. सर्जरी विभागात अनेक युनिटं, म्हणजे डॉक्टरांच्या तुकड्या असतात, प्रत्येकाचा ओपीडीचा वार ठरलेला. माझा बुधवार होता. वार चुकवून गेलात तर दुसरं युनिट तुम्हाला नव्याने सगळं विचारणार. निवासी डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात, तुमची ओळख कुणाला राहत नाही. राहते ती फाइल. म्हणून प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स, तारखेप्रमाणे लावलेली, एका पिशवीत. मूळ कागद घरी.

मग तपासण्या. रक्त, तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, यकृत, ईसीजी, हृदयाची टूडी इको, पोटाची सोनोग्राफी, जठराची दुर्बीण. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेची तपासणी, कारण झोपेत श्वास अडकणाऱ्याला भूल देताना धोका वाढतो. आहारतज्ज्ञ भेटतात, मानसोपचारतज्ज्ञही. मानसोपचाराचं नाव काढलं की आपल्याकडे लोक बिचकतात. मला विचारलं ते असं: रात्री उठून खाता का? दुःख झालं की खाता का? घरात कोण सोबत आहे? ऑपरेशननंतर काय बदलेल असं वाटतं? मी खरं सांगितलं, रात्री खायचे. त्यावरून नकार आला नाही, चार भेटी आणखी झाल्या. लपवलं असतं तर नंतर त्रास मलाच झाला असता.

तंबाखू, विडी, सिगारेट सोडावीच लागते. मिश्रीही. मिश्री म्हणजे जाळलेला तंबाखूच, आणि आपल्या बायका ती व्यसनात धरतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत. सांगा. टाके भरून येण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

पैशांचं थोडं स्पष्ट सांगते. ओपीडी, खाट, ऑपरेशन यांचे दर सरकारी रुग्णालयात फार कमी असतात. महाग असतात ते स्टेपलर आणि त्याची काडतुसं, कारण जठर कापणं आणि शिवणं एकाच वेळी त्यानेच होतं आणि काडतुसं एकदाच वापरता येतात. ती रुग्णालयात उपलब्ध आहेत की बाहेरून आणायची, हे पहिल्या महिन्यातच विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची ठरलेली यादी असते आणि ती वेळोवेळी बदलते. तेव्हा ऑपरेशनचं पूर्ण नाव आणि रुग्णालयाचं नाव घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधार लागतं. आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटाच. कुठला ट्रस्ट कशासाठी मदत करतो हे त्यांना माहीत असतं, अर्जही त्यांच्याकडूनच जातो. स्टेपलरचा माझा बराचसा खर्च असाच निघाला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तो मिळत नाही.

धर्मादाय रुग्णालयांचाही एक रस्ता आहे, तो लोकांना माहीत नसतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या खासगी ट्रस्ट रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये यासाठी योजना ठरवून दिली. तिथेही समाजसेवकांचीच खिडकी गाठायची.

वाट बघावी लागते. माझ्या पहिल्या केसपेपरपासून ऑपरेशनपर्यंत चौदा महिने गेले. एकदा दाखल होऊन, रात्रभर उपाशी राहून, सकाळी ऑपरेशन पुढे गेलं, कारण अपघाताचे रुग्ण आले होते. राग आला, रडूही आलं. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा त्याच अपघातातला होता. मी काय बोलणार?

नंतरचं खाणं, नंतरचं जगणं

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे अगदी हलका, कमी पिष्टाचा आहार देतात. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनना जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी मला उठवून चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून.

चौथ्या-पाचव्या दिवशी नवऱ्याने घरून डबा आणला. मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, हळद आणि मीठ, बाकी काही नाही. मी चहाच्या चमच्याने घेत होते. एक चमचा, मग दोन मिनिटं थांबायचं. सहाव्या चमच्याला छातीच्या मधोमध काहीतरी भरून आल्यासारखं झालं आणि पुढचा चमचा नकोसा वाटला. मी नवऱ्याकडे बघितलं. "काय झालं?" ते घाबरले. "काही नाही. पोट भरलं." पोट भरलं म्हणजे काय असतं हे मी कित्येक वर्षांत विसरले होते.

आधी पाणी-ताक-वरणाचं पाणी, मग दाट पातळ पदार्थ, मग खिमट, मऊ भात, कुस्करलेलं अंडं, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. ताटात आधी प्रथिनं: अंडं, मासे, पनीर, डाळी, उसळ. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं हवीत, आपल्या पोळी-भाजीत ती सहज होत नाहीत. पाणी जेवताना प्यायचं नाही, अर्ध्या तासाचं अंतर. बायपासवाल्यांनी गोड खाल्लं तर धडधड, घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. मी गणपतीत एका मोदकावर हे अनुभवलं.

गोळ्या आयुष्यभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. शाकाहाऱ्यांनी बी-१२ अजिबात टाळायचं नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद करणारे खूप भेटले मला, आणि वर्ष-दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या, अशक्तपणा घेऊन परत आले. अंगदुखीच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्याही मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. बायपासनंतर त्यांनी आत व्रण होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, पुष्कळ गळतात, आणि बहुतेकींचे परत येतात.

मूल हवं असलेल्यांनी वर्ष ते दीड वर्ष थांबायचं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, तर बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. हे तरुण मुलींना आणि त्यांच्या सासरच्यांनाही आधी सांगावं.

ताप, छातीत धडधड थांबत नसणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात तीव्र दुखणं, धाप, एका पायाला सूज: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, अपघात विभाग गाठायचा. उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांना आधी ऑपरेशनबद्दल सांगायचं आणि बी-१ जीवनसत्त्व देण्याबद्दल विचारायचं. त्याच्या कमतरतेत नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. लहान दवाखान्यात हे सुचेलच असं नाही, म्हणून माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी कायम असते: ऑपरेशनचं नाव, तारीख, युनिट, काय चालतं, काय नाही.

दीड वर्षानंतर वजन थांबतं, दोन-तीन वर्षांनी थोडं चढतंही. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून मागच्या महिन्यात दीड किलो वाढलं तेव्हा मी उपाशी राहिले नाही, आहारतज्ज्ञ मॅडमची वेळ घेतली.

गेल्या रविवारी आमच्याच सोसायटीतली एक जण घरी आली होती. वय छत्तीस, साखर, गुडघे, रात्री बसून झोपते. आम्ही दोघींनी मिळून तिचं डाएटचं पान लिहिलं. सातव्या ओळीला ती थांबली. म्हणाली, "एवढ्या वेळा? डॉक्टर काय म्हणतील?" मी पेन तिच्या हातात परत दिलं. तिने आणखी पाच ओळी लिहिल्या. तिची पहिली ओपीडी येत्या बुधवारी आहे. मी ठाण्यापर्यंत सोबत जाणार आहे, पुढे तिची वहिनी भेटेल.